विषयापर्यंतची वाट

ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करायचे ठरले की महाविद्यालयात दोन प्रश्नांवर तासन्‌तास चर्चा होते: काय शिकवायचे आणि कोणी शिकवायचे. घटक ठरतात, श्रेयांकांची बेरीज जुळते, कोणता व्हिडिओ कोण देणार याची यादी होते. विद्यार्थी लॉगिन करून आत आला की त्याला प्रथम काय दिसेल, तिथून तो पहिल्या पाठापर्यंत कसा पोहोचेल, मध्ये आठवडाभर खंड पडला तर सोडलेल्या जागी परत कसा येईल, हा तिसरा प्रश्न मात्र बैठकीच्या विषयपत्रिकेवर बहुधा येतच नाही. आलाच तर ‘ते संगणकवाले बघतील’ म्हणून मागे पडतो. हे पुस्तक त्या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे. स्क्रीनवरची मांडणी आणि त्या मांडणीतून सापडणारी वाट ही सगळे काम झाल्यावर शेवटी उरकायची बाब समजली जाते. वास्तविक तो शिकवण्याचाच भाग आहे, आणि म्हणून त्याची जबाबदारी विषयाच्या शिक्षकावर आणि अभ्यास मंडळावर येते, एवढे एकच म्हणणे या प्रस्तावनेत मांडायचे आहे.

कात्रजच्या वाचकाला हे पटवायला ग्रंथातला पुरावा लागू नये. बससाठी राखलेली स्वतंत्र मार्गिका, म्हणजे बीआरटी, देशात पहिल्यांदा पुण्यात आली, ती कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर, २००६च्या अखेरीस, प्रयोग म्हणून. बस गर्दीत अडकू नये हा हेतू चांगलाच होता. पण मार्गिका रस्त्याच्या मधल्या भागात होती, आणि कडेच्या फुटपाथवरून बसपर्यंत जाणाऱ्या माणसाने मधला वाहनांचा लोंढा ओलांडायचा कसा, याचे उत्तर मार्गिकेइतक्या काळजीने शोधलेले नव्हते. त्या मार्गावर जी टीका झाली तिचा मोठा भाग पायी चालणाऱ्यांच्या या अडचणीबद्दल होता. बस वेगात जाणे ही एक गोष्ट आणि माणूस बसपर्यंत पोहोचणे ही दुसरी. पहिलीवर खर्च झाला म्हणून दुसरी आपोआप साधत नाही. आपले बरेचसे ऑनलाइन अभ्यासक्रम याच पद्धतीने बांधले गेले आहेत. उत्तम शिक्षकाचे उत्तम व्याख्यान चित्रित होते, सर्व्हरवर चढते, आणि विद्यार्थ्याने तिथवर यायचे कसे हे ज्याचे त्याने पाहायचे असते.

प्रत्यक्ष वर्गात हा प्रश्न जाणवत नाही, कारण तिथे वाट दाखवण्याचे काम कित्येक हात न बोलता करत असतात. १९६४ साली पतंगराव कदमांनी स्थापन केलेल्या भारती विद्यापीठाचा मोठा परिसर कात्रज-धनकवडी भागात, पुणे–सातारा रस्त्यावर आहे. भोर-शिरवळकडून घाट उतरून येणारा किंवा सांगली-साताऱ्याहून येऊन खोली घेऊन राहणारा विद्यार्थी अशा परिसरात पहिल्या दिवशी गोंधळतो खरा, पण तो गोंधळ आठवड्यात संपतो. दारावर पाटी असते, भिंतीवर वेळापत्रक असते, सूचना फलकाभोवती घोळका दिसला की काहीतरी नवे लागले आहे हे कळते. शिपाई सांगतो, शेजारचा मुलगा सांगतो, घंटा सांगते. शिक्षक फळ्यावर मधोमध काय लिहितात, कोपऱ्यात काय लिहितात आणि कशाखाली दोन रेघा ओढतात, यावरून महत्त्वाचे काय आणि जाता जाता सांगितलेले काय हेही समजते. अभ्यासक्रम ऑनलाइन गेला की हे सगळे एका फटक्यात नाहीसे होते, आणि त्या सगळ्यांचे काम हाताच्या पंजाएवढ्या स्क्रीनवर येऊन पडते. ते तिथे कोणी करत नसेल, तर ते विद्यार्थ्याच्या डोक्यावर पडते. दिवसभर नोकरी करून रात्री दहाला मोबाइल उघडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा फरक लहान नाही.

डोक्यावर पडणारा हा भार किती खरा आहे, याचा अभ्यास गेली चार दशके होत आला आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी १९८८ साली मांडलेल्या बोधनभाराच्या सिद्धान्ताचा गाभा साधा आहे. एका वेळी मनात धरून ठेवण्याची आपली क्षमता फार थोडी असते. ती विषय समजण्यात खर्च झाली तर शिक्षण होते. विषयाशी संबंध नसलेल्या खटपटीत खर्च झाली तर तेवढे शिक्षण कमी होते. अमेरिकेतील रिचर्ड मेयर यांनी पुढे चित्र आणि शब्द एकत्र कसे मांडावेत यावर प्रयोगांची मोठी मालिका केली. त्यांचा एक निष्कर्ष कोणत्याही शिक्षकाला घरच्या घरी तपासता येईल. हृदयाची आकृती काढून भागांना १ ते १० आकडे दिले आणि नावांची यादी खाली किंवा पुढच्या पानावर दिली, तर विद्यार्थ्याची नजर आकृती आणि यादी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत राहते, आणि प्रत्येक फेरीत मनात धरलेले काहीतरी निसटते. तीच नावे त्या त्या भागाशेजारी लिहिली की समजणे सुधारते. मजकुरात एक अक्षर बदललेले नाही; बदलली आहे ती जागा. म्हणजे जागा हीसुद्धा शिकवते किंवा शिकण्याच्या आड येते. आकृतीच्या बाबतीत जे खरे आहे तेच पूर्ण अभ्यासक्रमाच्या बाबतीत खरे आहे: पाठ एका ठिकाणी, त्यावरचा स्वाध्याय दुसऱ्या फोल्डरमध्ये आणि स्वाध्यायाची मुदत तिसऱ्या सूचनेत असेल, तर विद्यार्थ्याच्या येरझाऱ्या फक्त लांब झालेल्या असतात.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावा २०१४ साली आला. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडेक्स या मंचावरील व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. सहा मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओ अधिक लक्ष देऊन पाहिले जातात, आणि वर्गातले लांबलचक व्याख्यान चित्रित करून नंतर त्याचे तुकडे पाडण्यापेक्षा मुळातच लहान भागांचा विचार करून केलेले चित्रण अधिक परिणामकारक ठरते, असे त्यातून दिसले. या निष्कर्षाचा पहिला भाग आपल्याकडे पटकन उचलला गेला. ‘व्हिडिओ छोटे करा’ हे आता प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येते. त्यातून उभा राहणारा पुढचा प्रश्न मात्र कमी ऐकू येतो. पन्नास मिनिटांच्या एका तासाचे आठ तुकडे केले की एका दाराच्या जागी आठ दारे होतात. प्रत्येकावर नाव हवे, क्रम हवा, कोणते आधी पाहिले पाहिजे आणि कोणते वगळले तरी चालेल याची खूण हवी. ‘व्याख्यान ३ भाग २ अंतिम सुधारित’ असे नाव दिलेला तुकडा कितीही चांगला असो, परीक्षेच्या आदल्या रात्री तो सापडत नाही. पाठ लहान करणे आणि वाट स्पष्ट करणे ही एकाच निर्णयाची दोन अंगे आहेत. एक केले आणि दुसरे सोडले तर मूळच्यापेक्षा गोंधळ वाढतो.

हे सगळे परदेशातून शिकावे लागते असेही नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. शिक्षक समोर नसताना शिकायचे कसे, हा प्रश्न या विद्यापीठाला इंटरनेटच्या आधीपासून सोडवावा लागला, आणि त्याचे उत्तर स्वयं-अध्ययन पुस्तकांच्या रूपाने छापील पानावर शोधले गेले. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मजकुराचे लहान उपविभाग, मध्ये मध्ये स्वतःला तपासण्याचे प्रश्न, त्यांची उत्तरे, शेवटी सारांश: मुक्त शिक्षणातील पाठ्यपुस्तकाची ही घडण म्हणजे छापील कागदावर आखलेली वाटच होती. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’ मंचानेही अभ्यासक्रमाचे चार भाग ठरवून दिले: व्हिडिओ पाठ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. त्याच वर्षी ‘दीक्षा’ आले आणि बालभारतीच्या पुस्तकांत छापलेल्या क्यूआर कोडमधून धड्यापासून थेट त्या धड्याच्या साहित्यापर्यंत जाण्याची सोय झाली. ही सोय तंत्राच्या दृष्टीने फार मोठी नाही, पण वाटेच्या दृष्टीने नेमकी आहे. मूल ज्या पानावर आहे त्याच पानापासून ती वाट सुरू होते; मंचाच्या मुखपृष्ठावर जाऊन इयत्ता, माध्यम, विषय, धडा अशी शोधाशोध त्याला करावी लागत नाही.

मग ही जाण हरवली कुठे? मार्च २०२० मधल्या टाळेबंदीनंतर वर्ग एका आठवड्यात मोबाइलवर न्यावे लागले आणि हाताशी होते ते व्हॉट्सअॅप. त्या वेळी ते योग्यच होते. दुसरे काय करता आले असते? पण तात्पुरती सोय पुढे सवय झाली. व्हॉट्सअॅपचा गट आलेल्या वेळेनुसार लागतो, विषयानुसार नाही. नोट्स, शुभेच्छा, शुल्काची आठवण, ‘लिंक परत पाठवा’ आणि उद्याच्या तासाची वेळ हे सगळे एकाखाली एक पडत जाते, आणि जून महिन्यातला पाठ नोव्हेंबरमध्ये हवा असेल तर बोटाने वर सरकवत राहावे लागते. पुढे कित्येक संस्थांनी मूडलसारखी व्यवस्था घेतली, पण तिच्यातही साहित्य पूर्वीच्याच पद्धतीने, येईल तसे, ओतले गेले. त्यातले बरेच साहित्य स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात आहे. काही जुन्या नोट्स युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. त्या कागदावर सुंदर छापल्या जातात, पण त्यांत एखादा शब्द शोधायला गेले तर सापडत नाही. मोबाइलवर त्या वाचायच्या म्हणजे चिमटीने मोठ्या करून प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे ओढत न्यायची. अंध विद्यार्थ्याचे वाचक सॉफ्टवेअर अशा स्कॅनसमोर गप्पच बसते. २०१६चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा शिक्षणात समान संधीची हमी देतो. ती हमी ऑनलाइन शिक्षणात प्रथम फाइलच्या प्रकारापाशीच अडते.

मराठीच्या मांडणीचे स्वतःचे काही प्रश्न आहेत आणि इंग्रजीसाठी बनवलेले तयार साचे ते सोडवत नाहीत. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार आणि ऋकार. रोमन लिपीला पुरणारे दोन ओळींतले अंतर मराठीला अपुरे पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो, आणि अरुंद बटणात तर तो कापलाच जातो. जोडाक्षरे लहान आकारात आणि जाड ठशात भरून गेल्यासारखी दिसतात. राज्य शासनाने २००९ साली देवनागरी वर्णमालेचा निर्णय काढून मराठीतील ल आणि श यांची रूपे निश्चित केली, पण मजकूर मराठी आहे हे संगणकाला सांगितले नाही तर अनेक फॉन्ट हिंदी वळणाची अक्षरे दाखवतात. मराठी शब्द प्रत्ययांनी लांबतात. ‘मूल्यमापनासाठीच्या’ हा एक शब्द मोबाइलची अर्धी ओळ घेतो, म्हणून मथळे आणि बटणांवरचे शब्द लिहिताना वेगळी काटकसर लागते. रंगांचेही तसेच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर साध्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ असावे, असा वेबचा आंतरराष्ट्रीय सुगम्यता-निकष आहे. फिकट राखाडी अक्षरे कार्यालयातल्या मोठ्या स्क्रीनवर देखणी दिसतात. बसच्या खिडकीपाशी, उन्हात, चार वर्षे जुन्या मोबाइलवर ती दिसतच नाहीत. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सुधारणा नावांची आहे. एकाच गोष्टीला मुख्य पानावर ‘मॉड्यूल’, पीडीएफमध्ये ‘घटक’ आणि प्रश्नपत्रिकेत ‘प्रकरण’ म्हटले, की तीन वेगळ्या गोष्टी आहेत असे नव्या विद्यार्थ्याला वाटणारच.

यावर पहिला आक्षेप येतो तो वडीलधाऱ्या शिक्षकांकडून, आणि तो हलका नाही. सगळे हातात आणून दिले तर विद्यार्थी घडणार कसा? शोधाशोध करणे हाही अभ्यास आहे. मानसशास्त्रात या विचाराला आधार आहे. रॉबर्ट ब्योर्क यांनी दाखवले की काही अडचणी शिकणे पक्के करतात: पुस्तक मिटून आठवून पाहणे, एकाच दिवशी घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने उजळणी करणे, वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणे मिसळून सोडवणे. २०११ साली तर असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला की वाचायला जड जाणाऱ्या फॉन्टमध्ये दिलेला मजकूर अधिक लक्षात राहतो. त्याच धाग्यावर मेलबर्नच्या एका विद्यापीठाने २०१८ मध्ये स्मरणासाठी म्हणून मुद्दाम तुटक अक्षरांचा ‘सॅन्स फर्गेटिका’ हा फॉन्ट आणला. पण नंतरच्या अनेक प्रयोगांत जड फॉन्टचा फायदा टिकला नाही, आणि त्या नव्या फॉन्टचाही दिसला नाही. ब्योर्क यांच्या यादीतल्या अडचणी मात्र टिकून आहेत. दोन्हींतला फरक उघड आहे. आठवून पाहण्याची अडचण विषयाशी झुंजायला लावते. अक्षर लावण्याची किंवा फाइल शोधण्याची अडचण विषयाच्या बाहेरच थकवते. शोधायला शिकवायचे असेल तर संदर्भ शोधण्याचा स्वाध्याय द्यावा, त्याला गुण ठेवावेत. तोच स्वाध्याय कुठे ठेवला आहे हे शोधायला लावण्यात कोणतीही विद्या नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: गुळगुळीत मांडणी फसवते. यातही तथ्य आहे. शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधील प्रयोगात तिरंगी मांजरी बहुधा माद्याच का असतात हे समजावणारा छोटा व्हिडिओ दोन प्रकारे दाखवला गेला. एकात शिक्षिका सफाईने, डोळ्यांत पाहून बोलत होती. दुसऱ्यात तीच कागदात पाहत, अडखळत. पहिला पाहणाऱ्यांना आपल्या लक्षात बरेच राहील असे वाटले. प्रत्यक्षात दोन्ही गटांना सारखेच आठवले. सफाईमुळे शिकल्याचा भास वाढतो, शिकणे वाढतेच असे नाही. म्हणून या पुस्तकातला मांडणीचा आग्रह देखणेपणाचा आग्रह म्हणून वाचू नये. हलणारी चित्रे, प्रत्येक पानावर वेगळी पार्श्वभूमी, मजकुराशी संबंध नसलेली छायाचित्रे यांनी पान भरते आणि लक्ष फाटते. मेयर यांचे प्रयोगही अशी भर काढून टाकावी याच बाजूचे आहेत. चांगल्या मांडणीची कसोटी वेगळी आहे. ती पाठानंतर लगेच, त्याच पानावर, विद्यार्थ्याला प्रश्न विचारते आणि त्याला आपले अज्ञान दाखवते. भासावरचा उतारा मांडणीतच ठेवता येतो, आणि वाईट मांडणीत तो सापडेलच याची खात्री नसते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. ऑनलाइन अभ्यासक्रम लोक अर्ध्यावर सोडतात ते काय रंग आणि बटणांमुळे? जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंटे यांनी २०१९ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडेक्सवरील खुल्या अभ्यासक्रमांची आकडेवारी मांडली. २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी अवघ्या ३.१३ टक्के जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. त्या अभ्यासक्रमांची मांडणी काही वाईट नव्हती. नोकरी, घर, पैसा, सोबतीचा अभाव, मुळात पूर्ण करण्याचा इरादाच नसणे, अशी कारणे मांडणीने दूर होत नाहीत हे कबूल केले पाहिजे. मात्र टाळता येणारी कारणे तरी टाळावीत, एवढी अपेक्षा गैर नाही. खर्चाचे कारणही पुढे केले जाते: लहान महाविद्यालयाने डिझायनर आणायचा कुठून? पण वर आलेल्या सुधारणांपैकी बहुतेकांना पैसा लागत नाही, निर्णय लागतो. प्रत्येक आठवड्याचे पान एकाच आराखड्याचे असावे. तारखा एकाच जागी असाव्यात. व्हिडिओच्या नावाशेजारी त्याची लांबी लिहावी. नोट्स युनिकोडमध्ये टंकाव्यात. एका गोष्टीला एकच नाव असावे. आणि अभ्यासक्रम खुला करण्याआधी तो न पाहिलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हातात, त्याच्याच मोबाइलवर द्यावा, ‘तिसऱ्या आठवड्याचा स्वाध्याय काढून दाखव’ म्हणावे, आणि आपण गप्प बसावे. तो जिथे अडेल ती जागा दुरुस्त करायला तज्ज्ञ लागत नाही.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लिहिली आहेत: आधी अभ्यासक्रमाचा नकाशा, मग एका पानाची घडण, मग देवनागरी अक्षर, रंग आणि चित्र, नंतर सुगम्यता आणि शेवटी तपासणी. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतून मिळवण्याची मुभा आहे, आणि पूर्ण ऑनलाइन पदव्याही आता आपल्या विद्यापीठांतून दिल्या जातात. पदवी स्क्रीनवरून मिळणार असेल तर स्क्रीनची तपासणी कोणी करायची? पाठ्यक्रमातल्या एका ओळीसाठी अभ्यास मंडळ अर्धा दिवस वाद घालते, आणि तो वाद व्हायलाच हवा. त्याच बैठकीत मंडळाच्या सदस्यांनी आपापल्या मोबाइलवर तो अभ्यासक्रम उघडावा, पहिल्या पाठापासून पहिल्या परीक्षेपर्यंत जाऊन पाहावे, आणि मगच मंजुरीची सही करावी. हे पुस्तक वाचून एका जरी मंडळाने ही पद्धत पाडली, तरी या पुस्तकाचा उद्देश पुष्कळसा साधला असे म्हणता येईल.

कात्रज, पुणे